उष्णता आणि तापमान : एका शास्त्रीय लेखाच्या भाषाशुद्धीतून

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी 'तापमितीय अनुमापन' या विषयावर लेख लिहिला होता. भाषा तपासण्याचे काम माझ्याकडे आले. एकाच परिच्छेदात 'तापमान' हा शब्द चार वेळा पाहून मी सवयीने दोन ठिकाणी 'उष्णता' केले. पुनरुक्ती टळली, पण अर्थ बिघडला. "सर, तुम्ही माझी पद्धतच बदललीत," असे म्हणत त्यांनी माझ्यापुढे हिशेब मांडला.

तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्या उदासिनीकरणात दर मोलमागे सुमारे 56 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे 0.01 मोल आम्लामागे 560 ज्यूल. एकूण द्रावण 100 मिलिलिटर असेल, तर तापमान सुमारे 1.3 अंश सेल्सिअसने वाढते. 200 मिलिलिटर असेल, तर साधारण निम्मेच. उष्णता तीच, तापमानातील वाढ मात्र वेगळी.

नेहमीच्या अनुमापनात दर्शकाचा रंग पालटला की आपण थांबतो. येथे ब्युरेटमधून द्रावण ठरावीक गतीने सोडतात आणि थर्मिस्टरने तापमान नोंदतात. उष्णता देणारी अभिक्रिया चालू असेतो आलेख चढतो. ती संपली की वळतो. ते वळण म्हणजे अंतिम बिंदू. तापमान किती अंश वाढले यापेक्षा वळण केव्हा आले, हे महत्त्वाचे.

या पद्धतीचा उपयोग जेथे इतर खुणा पुसट होतात तेथे कळतो. बोरिक आम्ल इतके सौम्य असते, की सामूच्या आलेखात अंतिम बिंदू ठळक दिसत नाही. पण त्याच्या उदासिनीकरणात पुरेशी उष्णता बाहेर पडते, त्यामुळे तापमानाच्या आलेखात तो स्पष्ट उमटतो. खाद्यतेलातील मुक्त मेदाम्ले मोजताना पॅराफॉर्माल्डिहाइड घालतात. आम्ल संपताच जादा आम्लारीमुळे त्याचे विघटन सुरू होते. ही अभिक्रिया उष्णता शोषून घेते, आणि तापमान उतरू लागते.

आता माझी चूक मला कळली. 'उष्मामिती' उष्णता मोजते. 'तापमितीय अनुमापन' तापमानातील बदलावरून पदार्थाचे प्रमाण शोधते. माझ्या दुरुस्तीने या दोन पद्धतींतील सीमारेषाच पुसली होती.

मी चारही 'तापमान' पूर्ववत केले. ललित लेखनात पर्यायी शब्दाने शैली खुलते, हे मी वर्गात शिकवत आलो; पुढेही शिकवीन. मात्र शास्त्रीय मराठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यासोबत एक गोष्ट आवर्जून सांगेन : एका संकल्पनेला एकच शब्द, आणि तो कितीही वेळा आला तरी चालेल.