तपासणीचा खर्च कोणी सोसावा?

आरोग्य विमा म्हणजे संकटाची तरतूद, असे आपण सामान्यतः मानतो. मग ज्याला कोणतेच लक्षण नाही, त्याच्या रक्ततपासणीचे पैसे विमा कंपनीने का द्यावेत? एच.आय.व्ही.च्या तपासणीसंबंधी हा प्रश्न अमेरिकेत कायदेमंडळापर्यंत गेला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला तो अभ्यासण्याजोगा वाटतो.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. लागण झाल्यावर कित्येक वर्षे माणूस वरकरणी निरोगी दिसतो. परंतु त्या काळात त्याची प्रतिकारशक्ती खचत असते आणि त्याच्याकडून नकळत इतरांनाही लागण होऊ शकते. म्हणून २००६ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने शिफारस केली, की १३ ते ६४ वर्षे वयाच्या सर्वांची, त्यांनी नकार न दिल्यास, नेहमीच्या वैद्यकीय सेवेतच तपासणी करावी. त्या सुमारास तेथील बाधितांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांना आपल्या लागणीची कल्पनाच नव्हती.

शिफारस झाली, पण पैशांचे काय? लक्षणांशी वा अन्य निदानाशी संबंध नसलेल्या तपासणीचे पैसे मिळतीलच, याची खात्री नव्हती. कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये कायदा करून ही अट दूर केली. १ जानेवारी २००९ पासून, मूळ निदान काहीही असो, तपासणीचा समावेश विम्यात करणे तेथे बंधनकारक झाले.

अशी सक्ती का लागावी? तपासणीचा खर्च आजच्या कंपनीवर पडतो; लाभ पुढे मिळतो, आणि तोवर विमेदार नोकरी बदलून दुसऱ्या कंपनीकडे गेलेला असू शकतो. शिवाय वेळीच उपचार झाल्यामुळे ज्यांची लागण टळते, ते तिचे विमेदार असतीलच असे नाही. लाभ समाजाचा आणि खर्च एकाचा, अशी स्थिती असली म्हणजे एकटी कंपनी पुढे येत नाही. कायदा तो भार सर्वांवर सारखा टाकतो.

प्रत्येक सक्तीने हप्ता वाढतो, हा आक्षेप खोटा नाही. परंतु तपासणी स्वस्त आहे आणि उशिरा झालेले निदान महाग पडते. राज्याच्या कायद्याची खरी मर्यादा वेगळीच होती. जे मालक कामगारांच्या आजारपणाचा खर्च स्वतःच्या निधीतून करतात, त्यांच्या योजनांना १९७४ च्या संघराज्यीय कायद्यामुळे राज्याचे असे नियम लागू होत नाहीत. ही उणीव पुढे २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने बरीचशी भरून काढली. प्रतिबंधक सेवा समितीने ‘अ’ वा ‘ब’ श्रेणी दिलेली सेवा बहुतेक खाजगी योजनांनी रुग्णाकडून पैसे न घेता द्यावी, असे त्यात ठरले. २०१३ मध्ये १५ ते ६५ वयोगटाच्या तपासणीला ‘अ’ श्रेणी मिळाली. या समितीच्या घटनात्मकतेलाच आव्हान दिले गेले. २७ जून २०२५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले.

तरीही एक अडचण उरते. पालकांच्या विम्यावर असलेल्या तरुणाने तपासणी केली, तर खर्चाचा तपशील विमेदाराच्या नावे घरी जाऊ शकतो. तपासणी फुकट, पण गुप्तता नाही, असे झाले तर तो तरुण दवाखान्याची पायरी चढणार नाही.

आपल्याकडे शासकीय केंद्रांत ही तपासणी मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्याने संमती व गोपनीयता आवश्यक ठरवली आहे. मार्ग भिन्न आहेत. परंतु निदानाच्या वाटेवर पैसा आणि भीती हे दोन अडथळे असतात. त्यांतला पहिलाच तेवढा विम्याने दूर होतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.