जोडनावाचा गाळा आणि कोर्टाचा लिलाव

दुकानाचा गाळा किंवा कारखान्याची जागा पतीपत्नीच्या जोडनावावर घेणारे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांत पुष्कळ आहेत. संसार सुरळीत चालतो तोवर प्रश्न येत नाही. बिनसले की पहिला घाव धंद्याच्या जागेवर पडतो. अशा वेळी कोर्ट काय करते, ते या पाठात पाहू.

हिस्सा कसा ठरतो?

मुस्लिम कायद्यात निकाहामुळे दोघांची मिळकत एक होत नाही. पतीचे ते पतीचे, पत्नीचे ते पत्नीचे. महर हे पतीवरचे देणे आहे. गाळ्यातील हिश्श्याशी त्याची गल्लत करू नये. खरेदीखतात हिस्से लिहिलेले नसतील तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ४५ पाहिले जाते. ज्याने जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा. कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल तर दोघांचे हिस्से सारखे मानले जातात.

समजा, गाळा ८ लाखांना घेतला. पत्नीने दागिने विकून २ लाख दिले आणि त्याची बँकेत नोंद आहे. तिचा हिस्सा चार आणे, पतीचा बारा आणे. आज गाळ्याची किंमत २४ लाख झाली असेल तर पत्नीचे ६ लाख होतात, २ लाख नव्हे.

लिलाव केव्हा?

कोर्ट आधी जागेचे प्रत्यक्ष वाटप करता येते का ते पाहते. लहान गाळ्यात मधोमध भिंत घातली तर दोघांचाही धंदा बसेल. अशा जागेसाठी वाटप कायदा, १८९३ आहे. कलम २ प्रमाणे निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा असणाऱ्याने मागणी केली, वाटप सोयीचे नसले आणि विक्रीत सर्वांचे अधिक हित दिसले, तर कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकते. आपल्या उदाहरणात ही मागणी पती एकटा करू शकतो, पत्नी एकटी नाही.

येथे एक मेख आहे. एकाने विक्री मागितली की कलम ३ प्रमाणे दुसरा कोर्टाला सांगू शकतो, "मागणाऱ्याचा हिस्सा मीच घेतो." मग कोर्ट किंमत ठरवून तो हिस्सा त्यालाच देऊ करते. म्हणजे रागाच्या भरात पतीने विक्री मागितली आणि पत्नीने १८ लाख उभे केले, तर गाळा तिचा झाला. आता दावाच काढून घेतो म्हणून सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली हे स्पष्ट केले आहे. तेव्हा ज्याला जागा राखायची आहे त्याने लिलावाची मागणी करण्यापूर्वी दहादा विचार करावा.

उघड लिलाव झालाच तर कोर्ट कमीत कमी किंमत बांधून देते. हिस्सेदारालाही बोली लावता येते आणि आपल्या हिश्श्याची रक्कम वळती करून मागता येते.

दावा कोठे?

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ प्रमाणे पतीपत्नीच्या मालमत्तेचा वाद कुटुंब न्यायालयात चालतो. तलाकनंतरही तेथे जाता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निर्णय आहे. कुटुंब न्यायालय नसेल तेथे दिवाणी कोर्टात जावे. महाराष्ट्रात जागेच्या दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवून घ्यावी. नाहीतर दाव्याच्या काळात जागा परस्पर विकली गेल्यास घेणाऱ्याला निकाल बांधून ठेवणे कठीण जाते.

आमचा सल्ला

खरेदीखतातच हिस्से लिहा. प्रत्येकाने आपले पैसे आपल्या खात्यातून द्यावेत. दागिने मोडल्याची पावती आणि महर दिल्याची नोंद जपून ठेवा. वाद झालाच तर घरातील वडीलधाऱ्यांना बसवून किंमत ठरवा, एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यावा आणि ती तडजोड कोर्टात नोंदवावी. लिलावात गाळा तिसऱ्याच्या हाती गेला तर दोघांना पैसे मिळतील. पण वर्षानुवर्षे जमवलेली गिऱ्हाइके मात्र त्या जागेबरोबर जातील.