‘म्हाताऱ्यांचंच करायचं, तर नर्सिंग कशाला?’

बारावीचा निकाल लागला की नर्सिंगची चौकशी करणारे पालक येऊ लागतात. मुलगी तयार असते, वडील अर्धे तयार असतात आणि आईच्या मनात काहीतरी अडकलेलं असतं. पगार, नाइट ड्युटी, हॉस्टेल यांवर बोलून झालं की ते बाहेर पडतं : एवढं शिकून आमच्या मुलीने म्हाताऱ्या माणसांचं हगणं-मुतणंच काढायचं का? अलीकडे हा प्रश्न जास्त वेळा ऐकू येतो. शहरात प्रत्येक सोसायटीत कुणाकडे तरी ब्युरोची बाई येते. ती आजोबांना भरवते, पुसते, फिरवते. तिच्यात आणि नर्समध्ये फरक काय, हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं. त्यामुळे आईची शंका मला चुकीची वाटत नाही. तिला नीट उत्तर मिळायला हवं.

माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी आहे, चंद्रपूर जिल्ह्यातली, बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रवेश घेतला तेव्हा तिचा बेत ठरलेला होता : चार वर्षं शिक्षण, मग नागपुरात आयसीयूचा अनुभव, मग परदेश. वृद्धांची शुश्रूषा तिच्या लेखी दुय्यम होती, ज्यांना चांगली नोकरी लागत नाही त्यांनी करायचं काम. दुर्गम भागाबद्दलही तिचं मत पक्कं होतं. आता मोबाइलवर डॉक्टर दिसतो, तर कुणी जंगलात जाऊन राहायची गरज काय, असं ती म्हणायची. ही दोन्ही मतं चार वर्षांत कशी बदलत गेली, ते मी जवळून पाहिलं. नर्सिंग निवडणाऱ्या प्रत्येक घराला त्यातून काही मिळेल असं मला मनापासून वाटतं.

पहिला धक्का वॉर्डातच बसला. मेडिसिन वॉर्डात बऱ्याच खाटांवर साठी ओलांडलेली माणसं असतात. त्यांचं आजारपण पुस्तकाप्रमाणे वागत नाही. तरुणाला लघवीचा जंतुसंसर्ग झाला तर ताप येतो, जळजळ होते. ऐंशीच्या आजी मात्र अचानक असंबद्ध बोलू लागतात, रात्री उठून भिंतीशी बोलतात. घरचे म्हणतात, वयाने भ्रम झालाय. नर्सने तेवढ्यावर समाधान मानलं तर आजी दोन दिवसांत हाताबाहेर जाऊ शकतात. तिने कालच्या आणि आजच्या बोलण्यातला फरक टिपला आणि डॉक्टरांना कळवला, तर साध्या औषधाने त्या ताळ्यावर येतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलणं दिसायला हमालीचं काम. पण माकडहाडावरची लाली कुठल्या टप्प्यात आहे, ती दाबल्यावर फिकी होते की तशीच राहते, हे ओळखणं शिक्षणाचं काम आहे. पक्षाघात झालेल्याला पाणी पाजताना ठसका लागतो का, उठून उभं राहताना रक्तदाब किती पडतो, चार डॉक्टरांनी लिहिलेल्या नऊ गोळ्यांत एकच औषध दोन नावांनी तर नाही ना, हे सगळं जिला दिसतं ती नर्स. भरवणं आणि पुसणं दोघीही करतात. पुसता पुसता काय पाहायचं, हे नर्स चार वर्षं शिकलेली असते.

वृद्धांच्या खाटेशी इतर कुठल्याही विभागापेक्षा जास्त निरीक्षण लागतं, असं ती मुलगी दुसऱ्या वर्षाच्या शेवटी स्वतःहून म्हणाली.

दुसरं मत बदललं ते हेमलकशाला. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातलं हे गाव. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांचा संगम भामरागडला होतो, आणि तिथून हेमलकसा अगदी जवळ. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे माडिया गोंडांसाठी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. २००८ साली या दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सगळं महाराष्ट्राला माहीत आहे, चित्रपटही येऊन गेला. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी मात्र यातला एक वेगळा भाग लक्षात घ्यावा. सुरुवातीला इथे वीज नव्हती, रस्ता नव्हता, आणि रुग्णही येत नव्हते. शर्टपँटवाल्या बाहेरच्या माणसावर माडिया लोकांनी विश्वास का ठेवावा? तो मिळाला तो रोजच्या ड्रेसिंगने, धुतलेल्या जखमेने, रुग्णाजवळ बसून काढलेल्या रात्रीने. निदान आणि शस्त्रक्रिया यांचं मोल आहेच. पण विश्वास कमावला गेला तो शुश्रूषेच्या वाटेने, असं माझं ठाम मत आहे. पुढे प्रकल्पाने स्थानिक तरुणांनाच आरोग्याचं काम शिकवलं, आणि इथल्या आश्रमशाळेत शिकलेली मुलं डॉक्टर झाली.

ती मुलगी इतर विद्यार्थिनींबरोबर तिथे गेली तेव्हा तिच्या डोक्यात मलेरिया, सर्पदंश, अस्वलाने फाडलेली माणसं होती. तिला जास्त दिसली ती म्हातारी माणसं : मोतीबिंदू, गुडघे, दमा, वाढलेला रक्तदाब. एका आजींना फक्त माडिया येत होती. त्यांचं दुखणं नातवाकडून ऐकावं लागलं, आणि आजींनी पाच मिनिटं सांगितलेलं नातवाने एका वाक्यात आटपलं. मध्ये काय गळलं, या विचाराने ती परतीच्या वाटेवर अस्वस्थ होती.

जंगलातल्या जिल्ह्यात वृद्धांचे आजार शहरासारखे नसतात, हा समज डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या परिसरातल्या एका अभ्यासाने मोडला आहे. गडचिरोलीतल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा पक्षाघात हे सर्वांत मोठं कारण निघालं. साधारण दर सात मृत्यूंमागे एक. हा अभ्यास २०१५ साली ‘स्ट्रोक’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. त्यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. या आकड्याजवळ पालकांनी जरा थांबावं. पक्षाघातामागे बहुधा वाढलेला रक्तदाब असतो, आणि तो आटोक्यात ठेवायला न्यूरोसर्जन लागत नाही. गावात फिरून रक्तदाब मोजणारं, गोळी चालू आहे की संपली हे विचारणारं आणि संपली असेल तर पोहोचवणारं माणूस लागतं. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरात भामरागडचा संपर्क तुटतो. रोजची गोळी घेणाऱ्या आजोबांना जूनच्या आधीच पुरेसा साठा देऊन ठेवणं, हे तिथलं खरं नर्सिंग.

मग मोबाइलवरच्या डॉक्टरचं काय? ती सोय खरी आहे आणि उपयोगाचीही आहे. टेलिमेडिसिनची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये काढली, आणि ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवर आज उपकेंद्रातून मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलता येतं. हे बोलणं प्रत्यक्ष कसं होतं, ते पाहा. पडद्यावरचा डॉक्टर म्हणतो, पायावर सूज आहे का, अंगठ्याने दाबा, खड्डा पडतो का? छातीला स्टेथोस्कोप लावा, खाली घरघर आहे का? तो अंगठा आणि तो कान उपकेंद्रातल्या माणसाचा असतो. ते माणूस कच्चं असेल तर डॉक्टर कितीही मोठा असला तरी त्याचा सल्ला अंदाजाचाच. नेटवर्क गेलं तर डॉक्टरही जातो आणि खाटेजवळ नर्स एकटी उरते. दूरस्थ सेवेमुळे नर्सची गरज कमी होईल असं समजणाऱ्यांना मी सांगेन की तिच्यावरची जबाबदारी उलट वाढणार आहे, आणि त्याबरोबर तिची किंमतही वाढायला हवी.

आता नोकरीचं. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून उपकेंद्रांचं रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत सुरू झालं. त्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे पद आहे. केंद्राने ठरवलेल्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि वेदनाशामक शुश्रूषेची सेवा आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना हे पद खुलं आहे. महाराष्ट्रात बीएएमएस झालेलेही त्यासाठी येतात, तेव्हा स्पर्धा धरून चाला. पद कंत्राटी आहे, आणि मोबदल्याचा एक भाग ठरलेला तर दुसरा कामावर अवलंबून असतो. हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. आदिवासी भागात एका उपकेंद्राकडे साधारण ३,००० लोकसंख्या धरतात. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. भामरागडसारख्या तालुक्यात तेवढी माणसं कितीतरी पाड्यांत विखुरलेली असतात.

परदेशाचं स्वप्न सोडा, असं मी कुणालाच म्हणणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे. पण ज्या देशाला आपल्या नर्स हव्या आहेत, त्याला त्या मोठ्या प्रमाणावर वृद्धांसाठी हव्या आहेत. जर्मनीने १ जानेवारी २०२० पासून आजारी, लहान मुलं आणि वृद्ध यांच्या शुश्रूषेची वेगवेगळी शिक्षणं मोडून एकच नर्सिंग शिक्षण केलं. तिथे हे काम खालच्या पायरीवरचं उरलेलं नाही. वृद्धांचं नको म्हणून जर्मनीला निघालेली मुलगी तिथे पोहोचल्यावर बहुधा वृद्धांच्याच खाटेजवळ उभी राहील. तेव्हा मन आधी इथे तयार करावं, आणि जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत शिकावी.

इथेही चित्र बदलतं आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीवरची माणसं जवळजवळ दहा टक्के होती. विदर्भातल्या गावागावांत मुलं पुण्याला आणि आईवडील मागे, ही घरं आपण पाहतोच. घरपोच शुश्रूषा, पॅलिएटिव्ह केअर, पक्षाघातानंतरचं पुनर्वसन या कामांना प्रशिक्षित माणसं मिळत नाहीत. मुलांनीही इकडे यावं. आजोबांना उचलून बसवायला, आंघोळ घालायला ब्रदर असेल तर आजोबांचा संकोच जातो.

अभ्यासक्रमांबद्दल थोडक्यात. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. चार वर्षांचं. बारावीला जीवशास्त्र असेल तर बी.एस्सी.च करा, त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. कला शाखेच्या मुलींना जीएनएमची वाट आहे आणि नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून त्या पदवीपर्यंत पोहोचतात. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे ब्रोशरवर विश्वास न ठेवता परिषदेच्या यादीत पाहा. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर शोधा, आणि प्रवेश कॅप फेरीतून घेतलात तर पुढे कटकट कमी होते. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र फीचा नाही. कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय आहे का आणि त्याच्या खाटांवर खरोखर रुग्ण असतात का, हे एखाद्या सकाळी जाऊन डोळ्यांनी बघा. रिकाम्या वॉर्डात चार वर्षं काढलेली मुलगी पदवी मिळवते, पण तिचा अंगठा सूज ओळखत नाही.

गडचिरोलीचं नाव निघालं की वडील सुरक्षिततेचं विचारतात. विचारायलाच हवं. फक्त नक्षलवाद्यांचं विचारून थांबू नका. उपकेंद्राला राहण्याजोगं क्वार्टर आहे का, त्याच्या दाराला आतून कडी लागते का, सोबत एएनएम राहते का, रात्री रुग्ण आला तर गाडी कुठून येते, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे? या प्रश्नांची उत्तरं नसतात म्हणून मुली नोकऱ्या सोडतात. पालकांनी ती मागितली तर व्यवस्थेवर दबावही येईल.

त्या मुलीने घरी सांगितलं आहे की ती सीएचओसाठी अर्ज करणार, आणि पसंती गडचिरोलीला देणार. आई अजून नाराज आहे. दोघींचं दोन वर्षांवर जमलं आहे : दोन वर्षं काम करायचं, मग पुढचं पुन्हा बोलायचं. दरम्यान ती हॉस्टेलवर भामरागडकडच्या एका मैत्रिणीकडून माडिया शिकते आहे. कुठे दुखतं, कधीपासून, रात्री झोप लागते का, गोळी संपली का, एवढे प्रश्न तिला आता विचारता येतात. उत्तरं पूर्ण कळायला अजून वेळ लागेल, असं ती म्हणते.