चार खेपा

आमचे दादा माळकरी. तरी ‘लिव्हर खराब झालंय’ म्हटल्यावर आमच्या लोणी गावच्या पारावर पहिला प्रश्न आला, “दादा कधीपासून घ्यायला लागले?” बरीच वर्षं साखरेचा आजार आणि त्यातून लिव्हरवर चढलेली चरबी, हे कारण कुणाला पटेना. मी सांगायचं सोडून दिलं. एका वर्षात दादांना 4 वेळा ॲडमिट केलं. त्यातल्या 2 खेपा सरळसरळ माझ्या हाताने झाल्या, म्हणून हे लिहितोय.

पहिल्यांदा पोट फुगलं. गॅस समजून आम्ही ओवा देत राहिलो. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. मंचरला सोनोग्राफीत पोटात पाणी निघालं, पुण्याला सुई घालून ते काढलं. थोडं पाणी तपासायलाही पाठवतात. त्यात जंतू झाले तरी ताप कधी कधी येतच नाही, आणि माणूस हातचा जातो. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवायचं होतं. भाजीतलं कमी केलं. ठेचा, लोणचं, पापड मोजलेच नाहीत.

दुसरी खेप माझी. कांदा काढणीत दादांचे गुडघे धरले. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, आठवडाभर दिल्या. लघवी कमी झाली, क्रिएटिनिन चढलं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्या या आजारात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. लोक घाबरतात पॅरासिटामॉलला. पण डॉक्टरांना विचारून, दिवसाला 2 ग्रॅमच्या आत तीच त्यातल्या त्यात बरी.

तिसरीही माझीच, आणि ही जास्त लागली. दादांना लॅक्टुलोजचं औषध होतं, दिवसातून 2-3 वेळा पातळसर शौच व्हावी म्हणून. पाहुण्यांत लग्न होतं. प्रवासात पंचाईत नको म्हणून मी ते 4 दिवस बंद ठेवलं. परतल्यावर दादा रात्रभर जागे, दिवसा झोपलेले. सदरा उलटा घातला. आई म्हणाली, “वय झालंय त्यांचं.” मग त्यांनी मला माझ्या चुलत्याच्या नावाने हाक मारली. हात पुढे धरायला सांगितले, तर पंजे फडफडत होते. कुणी देवऋषीचं नाव काढलं. बिचाऱ्या दादांचं पोट तेवढं साफ नव्हतं! लिव्हरला न आवरलेला अमोनिया मेंदूवर चढला होता. एनिमा आणि तेच औषध, दुसऱ्या दिवशी दादांनी मला नावाने ओळखलं.

चौथ्यांदा शौच डांबरासारखी काळी झाली. रक्तवाढीच्या गोळ्यांनी असेल, म्हटलं. रात्री रक्ताची उलटी. अन्ननलिकेतली फुगलेली शीर फुटली होती. दुर्बिणीतून रबरी रिंगा बसवल्या. ‘दुर्बिणीची तपासणी करून घ्या’ असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. आम्ही कांद्याचे पैसे येण्याची वाट पाहत होतो.

आता घरात वजनकाटा आहे. रोज सकाळी वजन आणि शौचाची संख्या वहीत लिहितो. डाळ-अंडी बंद करा म्हणणाऱ्यांचं ऐकत नाही. दादा अंडी खात नाहीत, पण डाळ आणि झोपताना दूध-भाकरी चुकत नाही. कुणाचाही काढा आणत नाही, गुळवेलीचासुद्धा.

तुमच्या घरी असा पेशंट असेल आणि रक्ताची उलटी, काळी शौच, बरळणं, ताप, पोटदुखी यातलं एकही दिसलं, तर सकाळ होऊ देऊ नका. 108 लावा, आणि गोळ्यांची सगळी पिशवी सोबत घ्या.