सज्ज्याचे सागवान आणि गंजका कठडा

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या घराला सागवानी फळ्यांचा उघडा सज्जा आणि लोखंडी कठडा आहे. व्हार्निश, ऑइलपेंट लावूनही पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटतात. काय करावे?

उत्तर : आणखी जाड थर देऊ नका. पावसात लाकूड फुगते, उन्हात आकसते. व्हार्निशचा कडक थर तितका ताणला जात नाही, तडकतो आणि आत शिरलेले पाणी तिथेच अडकून राहते. कठड्याच्या पायाशी फळीवर काळे डाग पडले असतील, तर तोच पुरावा : ओल्या लोखंडाची सागातल्या टॅनिनशी झालेली ती प्रक्रिया आहे. ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने ते डाग जातात (हातमोजे हवेतच), पण सांध्यात पाणी साचत राहिले तर पुन्हा उमटतात. म्हणून आधी कठडा घ्या. समुद्राचा खार गोड्या पाण्याने धुऊन, वाळल्यावर गंज तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत काढा आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमर लावा; खार रंगाखाली राहिला तर ओल ओढून गंज पुन्हा उठवतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो रंग कोरडा घासू नका.

मग व्हार्निश पूर्ण काढून, फळ्या खडखडीत वाळल्यावर बाहेरच्या लाकडासाठीचे बुरशीरोधक तेल मुरवा. तेल दरवर्षी लावावे लागते, हा आक्षेप खराच. पण त्यासाठी धुणे आणि पुसणे पुरते. व्हार्निश मात्र दर वेळी खरवडावे लागते, आणि त्यात लाकूडच झिजते. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटू शकतात.