पाळणाघरातील कॅमेरा : संरक्षण आणि मर्यादा

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेस झालेली मारहाण कॅमेऱ्याच्या चित्रणामुळे उघडकीस आली. ज्या बाळाला बोलता येत नव्हते, त्याची साक्ष कॅमेऱ्याने दिली. त्याची उपयुक्तता त्यामुळे निर्विवाद आहे.

तथापि, बालकालाही खाजगीपणाचा हक्क आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने हा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ अन्वये मूलभूत ठरविला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या अधिनियमात, अठरा वर्षांखालील बालकांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे.

म्हणून खेळण्याच्या व झोपण्याच्या खोलीत कॅमेरा असावा. प्रसाधनगृहात किंवा कपडे बदलण्याच्या जागी तो मुळीच नसावा. कॅमेरा असल्याचा फलक दर्शनी भागी लावावा. चित्रण कोण पाहणार व किती दिवस जतन करणार, हे पालकांना लेखी कळवावे. सेविकांनाही त्याची पूर्वकल्पना द्यावी.

अत्याचाराचे चित्रण हाती आल्यास ते पोलिसांच्या स्वाधीन करावे. संतापाच्या भरात भ्रमणध्वनीवरून प्रसृत करू नये. पीडित बालकाची ओळख उघड करणे हा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये शिक्षापात्र गुन्हा आहे. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी आपल्या परिसरातील पाळणाघरचालकांस व पालकांस या गोष्टी अवश्य समजावून सांगाव्यात.