यात्रेतील पत्र्याची चूल : वापर आणि दक्षता

चैत्र पौर्णिमेपासून डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे श्रीमहालक्ष्मीची यात्रा भरते व ती सुमारे पंधरा दिवस चालते. या दिवसांत सहकुटुंब येणारे कित्येक भाविक नैवेद्याचा भात आणि सोबतच्या मंडळींचे जेवण उघड्यावरच रांधतात. तीन दगड मांडावेत, मधोमध काटक्या पेटवाव्यात आणि वर टोप चढवावा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. अलीकडे मात्र टेम्पोत किंवा जीपगाडीत पत्र्याची लहान, उचलून नेता येणारी चूल ठेवलेली आढळते. ही चूल सोयीची आहे यात शंका नाही. परंतु ती कोठे पेटवावी आणि कोठे मुळीच पेटवू नये, याची माहिती असल्यावाचून तिची सोय संकटात पालटावयास वेळ लागत नाही.

तीन दगडांच्या चुलीत उष्णतेचा फार मोठा भाग वाऱ्यावर जातो. लाकडात असलेल्या उष्णतेपैकी दहा ते पंधरा टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते. डोळ्यांत पाणी आणणारा धूर म्हणजे न जळलेले इंधनच होय. पाच लिटर पाणी उकळावयाचे असल्यास अशा चुलीला साधारणपणे पाऊण किलो वाळलेली लाकडे लागतात. चांगल्या बनावटीच्या पत्र्याच्या चुलीत तेच काम सुमारे चारशे ग्रॅममध्ये होते. भारतीय मानक आयएस १३१५२ हे अशाच नेण्याआणण्याजोग्या चुलींसाठी आहे. ते १९९१ मध्ये प्रथम निघाले व २०१३ मध्ये सुधारण्यात आले. पंख्याविना चालणाऱ्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी, अशी त्यात अपेक्षा आहे. चूल विकत घेताना हा क्रमांक पाहावा.

या चुलींमागील तत्त्व सोपे आहे. अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात 'रॉकेट' चूल म्हणून ओळखली जाणारी रचना प्रचारात आणली. तीत काटक्या आडव्या तोंडातून आत सरकवितात, ज्वाला उभ्या नळकांड्यातून वर चढते आणि काटक्यांखालील जाळीतून हवा खेचली जाते. नळकांडे तापले की धूरही त्यातच जळून जातो. महाराष्ट्रातील वाचकांना 'निर्धूर चूल' हा शब्द नवा नाही. १९८० च्या दशकापासून २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे तो खेडोपाडी पोहोचला होता. त्या चुली बहुधा मातीच्या व जागेवर बांधलेल्या असत. धुराड्याची निगा राहिली नाही की त्या निरुपयोगी होत. पत्र्याच्या चुलीला धुराडे नसते. म्हणून ती कितीही 'निर्धूर' म्हणून विकली गेली तरी तिची जागा उघड्यावरच आहे.

सरपण वाळलेले आणि अंगठ्याएवढ्या जाडीचे असावे. जाड ओंडका तोंडात कोंबल्यास हवा अडते व चूल धुमसू लागते. मग फुंकणीने फुंकून स्वयंपाक करणाऱ्या बाईचा ऊर भरून येतो, आणि दोष मात्र चुलीला दिला जातो. करवंट्या, वाळलेल्या झावळ्यांचे देठ व सुरूच्या काटक्या या किनाऱ्यावर सहज मिळणाऱ्या वस्तू उत्तम जळतात. काटक्यांची केवळ टोके जळतील अशा बेताने त्या हळूहळू आत सरकवाव्यात. बोईसर व तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या परिसरात खोक्यांच्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे आणि रंग दिलेले लाकूड फुकट मिळते. ते अन्नाखाली कदापि जाळू नये, कारण त्यातील रंग व डिंक यांचा धूर विषारी असतो. रसायनांच्या रिकाम्या पिंपापासून केलेली चूलही घेऊ नये. जस्ताचा मुलामा दिलेला नवा पत्रा तापला की त्यातूनही अपायकारक वाफ निघते. साधा लोखंडी पत्रा किंवा स्टील बरे.

केळवे, शिरगाव व चिंचणीच्या किनाऱ्यांवरील सुरूच्या झाडांची सावली स्वयंपाकाला मोह घालते. तेथे जमिनीवर सुरूच्या वाळलेल्या सुयांचा थर असतो आणि समुद्राचा वारा एका ठिणगीचा वणवा करू शकतो. चूल मोकळ्या वाळूत, दोन सपाट दगडांवर ठेवावी, सभोवतालचा पाचोळा झाडून टाकावा आणि पाण्याची भरलेली बादली हाताशी असावी. यात्रा भरते तो चैत्रमास तर गवत सर्वाधिक वाळण्याचा काळ. काळदुर्ग वा अशेरीगडासारख्या ठिकाणी जाणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये राखीव वनात आग पेटविणे हा गुन्हा आहे. चूल पत्र्याची आहे ही सबब तेथे चालत नाही.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी एक घटना सांगणे आवश्यक आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या एका डब्याला आग लागली व नऊ जणांचा मृत्यू झाला. डब्यात गॅसचा सिलिंडर नियमबाह्य रीतीने नेलेला होता. सिलिंडर, घासलेट किंवा पेट्रोल गाडीत नेण्यास मनाई आहे आणि कोणतीही चूल डब्यात वा फलाटावर पेटविणे तितकेच धोक्याचे आहे. पालघर, बोईसर किंवा डहाणू रोड स्थानकावर उतरणाऱ्या भाविकांनी सोबत दशम्या व लाडू आणावेत. चूल स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांकडेच असावी.

या चुलीचे खरे मोल आपत्तीच्या वेळी कळते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के वारंवार बसू लागले आणि त्या हिवाळ्यात अनेक कुटुंबांनी रात्री घराबाहेर, तंबूंत काढल्या. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने जिल्ह्यातील कित्येक ठिकाणची वीज घालविली. अशा वेळी मूठभर काटक्यांवर बाळाचे दूध तापते, पाणी उकळून पिता येते, खिचडी शिजते. पण थंडीत ऊब हवी म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत, बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत घेण्याचा मोह होतो, आणि तोच जिवावर बेततो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून मनुष्य निर्धास्त झोपतो व झोपेतच बेशुद्ध होतो. डोके दुखणे, मळमळणे, भोवळ येणे अशी लक्षणे एकाच ठिकाणी बसलेल्या अनेकांना होऊ लागल्यास सर्वांना त्वरित उघड्या हवेत आणावे व रुग्णालय गाठावे.

तारापूर परिसरासाठी आणखी एक भेद जाणावा लागतो. येथे १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे आणि रासायनिक कारखान्यांची मोठी वसाहतही आहे. वादळ किंवा भूकंपानंतर घराबाहेर चूल पेटविणे योग्य ठरते. परंतु वायुगळतीसारख्या प्रसंगी प्रशासनाने घरातच राहून दारेखिडक्या बंद ठेवण्यास सांगितले, तर बाहेर चूल मांडणे अयोग्य आणि घरात मांडणे त्याहून घातक. अशा घटकेसाठी न शिजविता खाता येतील असे चुरमुरे, दाणे, गूळ, बिस्किटे आणि झाकलेले पिण्याचे पाणी घरात असणे हाच उपाय होय. येथे मुक्कामास आलेल्या भाविकांनीही आपल्या पिशवीत इतकी शिदोरी ठेवावी.

काजळीचा त्रास टाळण्यासाठी भांडे चढविण्यापूर्वी त्याला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्यावा. ते घासण्यास सोपे जाते. स्वयंपाक उरकल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतावे, राख काठीने ढवळून पुन्हा पाणी ओतावे. राखेत आतून निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. प्रथम हाताचा मागील भाग चुलीजवळ धरावा. आच लागली नाही तरच तिला बोट लावावे. ती पूर्ण गार झालेली असेल तेव्हाच पोत्यात घालून गाडीत ठेवावी.